पाते बदलण्याची पहिली वेळ

लॉनवरचे गवत कापणाऱ्या रोटरी यंत्राचे पाते म्हणजे पोलादाची एक चपटी पट्टी. घरगुती यंत्रात तिची लांबी बहुधा 18 ते 22 इंच असते. मधोमध एक भोक, त्यातून जाणारा बोल्ट, आणि तो बोल्ट इंजिनाच्या उभ्या शाफ्टच्या टोकात आवळलेला. धार असते ती फक्त दोन्ही टोकांच्या पुढच्या कडेला, तीही काही सेंटिमीटर. उरलेली सगळी पट्टी ती धार फिरवत ठेवण्यासाठी असते. यंत्र उभे असताना यातले काहीच दिसत नाही. पत्र्याच्या डेकखाली, जमिनीपासून दोन-तीन इंचांवर पाते कायम झाकलेले राहते. त्यामुळे कित्येक घरांत यंत्र चार-पाच हंगाम चालते, तेल बदलले जाते, एअर फिल्टर झटकला जातो, पण पाते कुणी डोळ्यांनी पाहिलेले नसते.

पाते बोथट झाल्याची पहिली बातमी गवत देते. धारदार पात्याने कापलेल्या पानाचे टोक सरळ आणि हिरवे असते. बोथट पाते पान कापत नाही, ते फाडते. कापणी झाल्यावर त्याच दिवशी फरक लक्षात येत नाही, पण एक-दोन दिवसांनी सगळ्या हिरवळीवर राख भुरभुरल्यासारखी छटा येते. खाली वाकून एक पान हातात घेतले तर टोकाला पांढरट, तपकिरी तंतू लोंबताना दिसतात. फाटलेल्या टोकातून पानातले पाणी जास्त उडते आणि बुरशीला शिरायला मोठी जखम मिळते. पुष्कळ लोक अशा वेळी पाणी वाढवतात, खत टाकतात, बियाण्याला दोष देतात. दोष बऱ्याचदा यंत्राच्या पोटाखाली असतो.

हे काम घरमालकाच्या हाती का येते, याचे उत्तर या यंत्राच्या प्रदेशात आहे. अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात घरापुढचा आणि मागचा गवताचा तुकडा घराचाच भाग मानला जातो. 1947 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन ही एकसारख्या घरांची वसाहत उभी राहू लागली, तेव्हा गवत नियमित कापण्याची अट तिथल्या घरमालकांवर होती. आजही अमेरिकेतल्या अनेक गावांत गवत ठरावीक उंचीच्या वर गेले की स्थानिक प्रशासनाची नोटीस येते. न्यू जर्सीत किंवा इलिनॉयमध्ये पहिले घर घेतलेल्या मराठी कुटुंबासाठी हे नवे असते. पुण्या-नाशिकच्या सोसायटीत गवत माळी कापतो आणि त्याच्या यंत्राला धार कधी लागली हे रहिवाशांना विचारावेही लागत नाही. तिकडे यंत्र स्वतःच्या गॅरेजमध्ये असते, कारागिराची मजुरी भारी असते आणि मे महिन्यात गवत आठवड्याला कापावे लागते. इंजिनिअरिंगची पदवी असलेल्या माणसानेही आयुष्यात एखादा घट्ट बोल्ट पहिल्यांदा इथेच सोडवला, असे सहज घडू शकते. त्यात कमीपणा काही नाही. कागदावरचे यंत्र आणि हाताला तेल लावणारे यंत्र ही दोन वेगळी शिक्षणे आहेत, आणि दुसरे कोणत्याही वयात घेता येते.

पाते काढण्याआधी ते कसे कापते हे समजून घेणे गरजेचे आहे, कारण कामातली जवळजवळ प्रत्येक सूचना त्यातून निघते. गवत यंत्राने कापण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला एडविन बडिंग याचा. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउडच्या आसपास लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावर उभे राहिलेले तंतू समान उंचीवर छाटणारे एक यंत्र तिथे वापरात होते. त्याच्या फिरत्या दंडगोलावर पाती बसवलेली असत. हीच रचना गवताला लावता येईल असे बडिंगला सुचले आणि 1830 मध्ये त्याने पेटंट घेतले. त्याआधी श्रीमंतांच्या बागांतले गवत लांब दांड्याच्या विळ्याने, दव असताना, पहाटे कापले जाई आणि ते कुशल मजुरांचे काम होते. यंत्र स्वतः चालवण्यात गृहस्थांना करमणूक आणि व्यायामही होईल, असे बडिंगने पेटंटच्या मजकुरातच म्हटले होते. म्हणजे घरमालकाने स्वतः हात घालण्याची कल्पना या यंत्रासोबतच जन्मली. स्क्रू फिरवून जबडा मागेपुढे होणारा पाना बनवण्याचे श्रेयही याच माणसाला दिले जाते.

बडिंगच्या यंत्रात फिरती पाती गवत एका स्थिर पट्टीवर दाबून कापतात. अडकित्त्यात सुपारी दोन पोलादांच्या मध्ये सापडते, तसे पान दोन्हीकडून धरले जाते. म्हणून ही कापणी हळू फिरणाऱ्या यंत्रालाही जमते. दुसरा मार्ग रोटरी यंत्राचा. त्यात एकच पाते जमिनीला समांतर फिरते आणि पानाला मागून आधार देणारे काहीच नसते. पान वाकून निसटण्याआधी ते तुटले पाहिजे, आणि त्यासाठी एकच उपाय आहे: प्रचंड वेग. असे यंत्र घराघरांत पोहोचायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला, कारण हलके, स्वस्त आणि वेगाने फिरणारे पेट्रोल इंजिन त्याआधी सहज मिळत नव्हते. ऑस्ट्रेलियात मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसन याने 1952 मध्ये सिडनीच्या कॉन्कर्ड भागात घरच्या गॅरेजमध्ये असे यंत्र जुळवले. त्याच्या पहिल्या नमुन्याची इंधनाची टाकी पीच फळांच्या रिकाम्या डब्याची होती. त्यातून उभी राहिलेली व्हिक्टा यंत्रे ऑस्ट्रेलियातल्या घराघरांत पोहोचली.

वेगाचा अंदाज आकड्यांनी येतो. पाते 21 इंचांचे असेल आणि इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल, तर पात्याचे टोक ताशी सुमारे 300 किलोमीटर वेगाने धावते. अमेरिकी सुरक्षा मानकाने टोकाच्या वेगाला मिनिटाला 19,000 फुटांची मर्यादा घातली आहे, ती ताशी साधारण 347 किलोमीटर होते. म्हणजे साध्या घरगुती यंत्राचे पातेही त्या मर्यादेपासून फार लांब नसते. या वेगाला वस्तऱ्यासारखी धार लागत नाही. रोटरीच्या पात्याला चांगली धार म्हणजे लोणी लावायच्या सुरीपेक्षा थोडी सरस, इतकीच. अगदी पातळ धार पहिल्याच खड्याला दुमडते.

पहिल्यांदा काम करणाऱ्याची भीती इथे नीट तपासावी लागते. यंत्र आडवे केल्यावर नजर धारेकडे जाते आणि हात धारेपासून दूर राहतो. धारेला जपायलाच हवे, जाड चामड्याचे हातमोजे हवेतच. पण थांबलेल्या पात्याची धार फार तर बोट कापते. जीवघेणी आहे ती गती, आणि बंद यंत्रातही ती दडलेली असू शकते. लहान पेट्रोल इंजिनाला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. फ्लायव्हीलमध्ये बसवलेले चुंबक कॉइलजवळून गेले की वीज तयार होते आणि स्पार्क प्लगला ठिणगी मिळते. पाते थेट शाफ्टवर असते, त्यामुळे पाते हाताने फिरवणे म्हणजे इंजिन फिरवणे. सिलेंडरमध्ये पेट्रोलची वाफ उरलेली असेल आणि ठिणगी पडली तर इंजिन एक झटका देऊ शकते, आणि एकच झटका पुरतो. हँडलचा दांडा सोडला की ठिणगी तोडली जाते हे खरे. अमेरिकेत 1982 पासून, हात सुटल्यावर मागून ढकलायच्या यंत्राचे पाते तीन सेकंदांत थांबलेच पाहिजे असा नियमही आहे. पण तारा जुन्या होतात, स्विच बिघडतात. म्हणून सर्वांत आधी स्पार्क प्लगची टोपी ओढून काढायची आणि ती परत प्लगला टेकणार नाही अशी बाजूला बांधायची. यंत्र बॅटरीवर चालणारे असेल तर बॅटरी पूर्ण बाहेर काढायची, वायरचे असेल तर प्लग भिंतीतून काढायचा. या पायरीच्या आधी डेकखाली हात घालू नये. अनुभवी माणसानेही घालू नये.

दुसरी काळजी पेट्रोल आणि तेलाची. टाकी जवळजवळ रिकामी असताना, इंजिन थंड असताना, उघड्या हवेत काम करावे. यंत्र कोणत्या बाजूला कलंडवायचे हे मनाने ठरवायचे नसते. कार्बुरेटर आणि एअर फिल्टर असलेली बाजू वर राहिली पाहिजे. ती खाली गेली तर इंजिनातले तेल फिल्टरमध्ये उतरते, फिल्टर भिजतो, आणि नंतर यंत्र सुरू करताना पांढऱ्या धुराचा लोट निघतो किंवा यंत्र सुरूच होत नाही. काही उत्पादक यंत्र फक्त मागे, हँडलकडे कलंडवायला सांगतात. हे पुस्तिकेत लिहिलेले असते आणि या एका गोष्टीसाठी तरी पुस्तिका उघडावी. बोल्ट, वॉशर आणि पाते ज्या स्थितीत दिसतील त्या स्थितीत फोनने त्यांचे फोटो घ्यायचे, हे कलंडवण्याआधीच ठरवून ठेवावे. जुन्या काळी मेकॅनिक भाग काढत जाई आणि फडक्यावर क्रमाने मांडत जाई. फोटो तेच काम करतो, पण फडके आजही वाईट नाही.

आता बोल्ट. पहिल्यांदा काम करणारे इथेच अडतात, कारण तो अपेक्षेपेक्षा फार घट्ट निघतो. कारण फक्त गंज नाही. यंत्राच्या खालून पाहिले तर पाते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. गवताचा प्रत्येक फटका पात्याला किंचित मागे, म्हणजे काट्यांच्या दिशेने ढकलतो, आणि पात्यासोबत बोल्टचे डोकेही त्याच दिशेने ओढले जाते. साध्या, उजव्या आट्यांच्या बोल्टला ही आवळण्याची दिशा आहे. हंगामभर गवत कापताना बोल्ट आपोआप घट्ट होत राहतो. रचनाकाराने दिशा अशी निवडली आहे की काम करता करता जोड सुटण्याऐवजी पक्की व्हावी. सोडवताना त्या सगळ्या फटक्यांचा हिशेब एकदम चुकता करावा लागतो.

कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत पावसाळ्यानंतर रान साफ करायला जे पेट्रोलवरचे ग्रास कटर फिरतात, त्यांचे पाते बदलणाऱ्यांना याची दुसरी बाजू माहीत असते. खांद्याला अडकवायच्या त्या यंत्राचे पाते वरून पाहणाऱ्याला काट्यांच्या उलट फिरताना दिसते, म्हणजे खालून काट्यांच्या दिशेने. तिथे उजव्या आट्यांचा नट असता तर चालता चालता सुटला असता, म्हणून बहुतेक ग्रास कटरना डावे, उलटे आटे असतात आणि नट सोडवायला काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो. लॉनच्या यंत्राची सवय झालेला माणूस ग्रास कटरला हात लावतो तेव्हा, किंवा उलट घडते तेव्हा, जोर लावून आटेच मारून टाकण्याचा संभव असतो. पान्यावर जोर टाकण्यापूर्वी पाते कुठल्या दिशेने फिरते हे पाहिले तर आट्यांची दिशा तर्काने काढता येते. हा तर्क एकदा कळला की पाठांतराची गरज उरत नाही.

सोडवण्यासाठी योग्य मापाचा गोटी पाना आणि लांब दांडी लागते. जबडा सरकणारा पाना इथे वापरू नये. तो बोल्टच्या कोपऱ्यांवर घसरतो, कोपरे गोल होतात आणि साध्या कामाचे मोठे काम होते. पाते फिरू नये म्हणून पात्याच्या टोकाजवळ, डेकच्या भिंतीला टेकेल असा लाकडाचा जाड ठोकळा अडकवायचा. सोडवताना पाते ज्या दिशेला पळेल त्या बाजूला ठोकळा हवा. परत आवळताना तो दुसऱ्या बाजूला न्यावा लागतो. हाताने पाते धरून बोल्ट सोडवणे हा अपघाताचा सर्वांत सरळ रस्ता आहे. बोल्ट अडला असेल तर गंज सोडवणारे तेल फवारून अर्धा तास थांबावे. दांडीला आणखी लांब पाइप घालून धक्के देण्यापेक्षा थांबणे बरे. ढकलताना बोटे अशा जागी असावीत की बोल्ट अचानक सुटला तर ती पात्यावर आपटणार नाहीत.

बोल्ट सुटला की पाते हातात येते, आणि त्यासोबत दोन-तीन लहान भागही. एक वॉशर, तो बऱ्याचदा किंचित बशीसारखा वाकलेला असतो आणि त्याची कोणती बाजू वर होती हे महत्त्वाचे असते. पाते बसवायचा जाड तुकडा शाफ्टवर असतो आणि त्याच्या खाचेत बोटाच्या पेरापेक्षा लहान अशी एक धातूची चावी असते. ही चावी तुलनेने मऊ असते. पाते दगडावर किंवा झाडाच्या मुळावर आदळले तर शाफ्ट वाकण्याआधी चावी तुटावी अशी योजना असते. वर फ्लायव्हीलखालीही तशीच चावी असते. जोराच्या धडकेनंतर यंत्र सुरूच होत नसेल किंवा दोरी ओढताना हाताला उलटा हिसका देत असेल, तर ती वरची चावी कापली गेल्याची शंका घ्यावी. अशा वेळी फक्त पाते बदलून भागत नाही.

डेकचा आतला भाग आता पहिल्यांदाच मोकळा दिसतो. तिथे वाळलेल्या गवताचा थर कधी बोटभर जाड असतो. तो खरवडून काढावा. डेकची पोकळी हे नुसते झाकण नसते, तिच्यातून हवा फिरते. पात्याच्या धारेमागची कड वर वळलेली असते आणि फिरताना ती कड हवा वर ओढते. त्या ओढीने गवत कापण्याआधी उभे राहते आणि कापल्यावर पिशवीकडे उडते. थर साचला की हवेची वाट अडते, आडवे पडलेले गवत तसेच राहते आणि दोष पुन्हा धारेला दिला जातो.

काढलेले पाते उजेडात पाहणे हा या कामाचा गाभा आहे. नवे पाते बसवायचेच असे ठरले असले तरी जुने पाहावे, कारण वर्षभर यंत्रावर काय गुजरले ते त्यावर लिहिलेले असते. धारेवरचे खळगे दगडांचे. वर वळलेल्या कडेच्या मुळाशी पोलाद पातळ झाले असेल तर ते वाळूचे काम: हवेसोबत उडणारी रेती त्या वळणावर सतत घासत राहते. तिथे पोलाद फार पातळ झाले किंवा चीर दिसली तर ते पाते पुन्हा बसवायचे नाही. तो तुकडा चालू यंत्रात तुटला तर गोळीसारखा बाहेर येतो. मधल्या भोकाभोवतीची चीरही तितकीच वाईट. पाते सपाट फरशीवर ठेवून दोन्ही टोके सारखी टेकतात का पाहावे. वाकलेले पाते हातोड्याने सरळ करू नये आणि चिरलेले वेल्डिंग करून जोडू नये. हे पोलाद मुद्दाम चिवट ठेवलेले असते, धडक बसली तर ते वाकावे पण काचेसारखे फुटू नये म्हणून. ठोकून सरळ केलेल्या आणि जोडलेल्या जागी त्या चिवटपणाचा भरवसा राहत नाही. पाते ही झिजण्यासाठी बनवलेली, स्वस्तातली वस्तू आहे आणि तिच्यावर काटकसर करणे चुकीचे आहे.

पाते चांगले असेल आणि फक्त बोथट असेल, तर धार लावून ते पुन्हा वापरता येते. ते शेगड्यात घट्ट पकडावे आणि कानस एकाच दिशेने, वरच्या तिरप्या बाजूवरून चालवावी. तिरपेपणाचा मूळचा कोन, साधारण 30 अंशांचा, तसाच राखावा. खालची सपाट बाजू घासू नये, फार तर शेवटी आलेली कड हलक्या हाताने काढावी. ग्राइंडरने काम लवकर होते, पण पोलाद तापते. धारेवर निळसर रंग चढला की तिथले पोलादाचे पाणी उतरले असे समजावे. ती धार आता दोन-चार कापण्यांतच जाईल. पहिल्यांदा धार लावणाऱ्याने कानस वापरावी असे सांगावेसे वाटते. कानशीने फार चुकायला वेळच लागतो, आणि पोलाद किती निघते आहे ते मनगटाला कळते.

धार लावल्यावर तोल पाहावाच लागतो, आणि घाईत नेमकी हीच पायरी टाळली जाते. भिंतीत आडवा खिळा ठोकून त्यावर पाते मधल्या भोकात अडकवायचे आणि आडवे सोडायचे. एक बाजू खाली गेली तर ती जड. त्या बाजूच्या तिरप्या पृष्ठावरून आणखी थोडे पोलाद काढायचे आणि परत पाहायचे, पाते आडवे राहीपर्यंत. शंकूच्या आकाराचा तोल पाहण्याचा छोटा तुकडा बाजारात मिळतो, तो खिळ्यापेक्षा अचूक असतो. फरक किती महत्त्वाचा आहे ते पाहा: मिनिटाला 3,000 फेऱ्यांवर, मध्यापासून 25 सेंटिमीटर अंतरावर केवळ 10 ग्रॅम वजन जास्त असले तर शाफ्टवर सुमारे 25 किलो वजनाइतकी ओढ पडते, आणि ती ओढ सेकंदाला 50 वेळा गोल फिरते. हँडलवरच्या हातांना मुंग्या येण्याइतकी थरथर जाणवते ती हीच. ती बेअरिंग खाते, बोल्ट ढिले करते आणि शेवटी शाफ्टपर्यंत पोहोचते.

नवे पाते घेताना लांबी जुळली म्हणजे झाले असे नाही. मधले भोक कुठे गोल असते, कुठे चांदणीच्या आकाराचे, कुठे शेजारी दोन पिनांची भोके असतात. म्हणून यंत्राच्या मॉडेलचा क्रमांक घेऊन त्याच मॉडेलसाठीचे पाते मागावे. प्रकारही वेगळे असतात. मागची कड जास्त उंच असलेले पाते पिशवी भरण्यासाठी चांगले. अनेक वळणांचे मल्चिंगचे पाते गवत डेकखालीच पुन्हा पुन्हा कापून बारीक करते आणि जमिनीवर परत टाकते. त्या कापलेल्या तुकड्यांतला नायट्रोजन हिरवळीला परत मिळतो, म्हणून ज्याला पिशव्या भरून ठेवण्याचा कंटाळा आहे त्याने हेच घ्यावे.

बसवण्याच्या वेळी नवख्या हाताची नेहमीची चूक एकच: पाते उलटे बसवणे. वर वळलेली कड डेककडे, यंत्राच्या बाजूला गेली पाहिजे. ती जमिनीकडे राहिली तर हवा उलट वाहते, गवत उभे राहण्याऐवजी दाबले जाते आणि नवे कोरे पातेही काहीच कापत नाही. बऱ्याच पात्यांवर जमिनीकडची बाजू कोणती ते कोरलेले असते. कोरलेले नसेल तर कडेचे वळण पाहावे. चावी आणि वॉशर जागेवर घालून बोल्ट आधी बोटांनी फिरवावा, आटे बरोबर बसल्याची खात्री बोटांनाच होते. मग ठोकळा दुसऱ्या बाजूला लावून टॉर्क रेंचने पुस्तिकेत दिलेल्या मापापर्यंत आवळावा. अनेक घरगुती यंत्रांत ते माप 50 ते 80 न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात येते, पण अंदाजापेक्षा पुस्तिका खरी. कमी आवळलेला बोल्ट सुटू शकतो आणि जास्त आवळलेला आटे ताणतो.

मग ठोकळा काढायचा. तो आत राहणे ही छोटी वाटणारी पण फार वाईट चूक आहे. पाते हाताने एक फेरा फिरवून डेकला कुठे घासत नाही ना ते पाहायचे, आणि दोन्ही टोके डेकच्या कडेपासून सारख्या अंतरावरून जातात का तेही. अंतर वेगळे निघाले तर पाते नवे असूनही शाफ्ट वाकलेला असू शकतो, आणि मग यंत्र कारागिराकडेच न्यायला हवे. सगळे ठीक असेल तर यंत्र सरळ करून, तेलाची पातळी पाहून, स्पार्क प्लगची टोपी सर्वांत शेवटी लावायची. पहिल्यांदा सुरू करताना आजूबाजूला मुले नसावीत. अर्धा मिनिट फक्त ऐकावे. थरथर किंवा नवा आवाज असेल तर लगेच बंद करून पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात.

प्रत्येक यंत्राचे पाते असे काढता येत नाही. वर बसून चालवायच्या यंत्रात बहुधा दोन किंवा तीन पाती असतात आणि ते उचलण्यासाठी नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली जाता येत नाही. रोबोट यंत्रांची पाती ब्लेडच्या पानाएवढी लहान असतात आणि स्क्रू काढून काही आठवड्यांनी बदलली जातात. बडिंगच्या जातीचे दंडगोल यंत्र अजून जिवंत आहे. क्रिकेटची मैदाने आणि गोल्फची ग्रीन्स त्यानेच कापली जातात. महाराष्ट्रात अशा मैदानांवर जे गवत लावतात त्यात हरळी मुख्य, म्हणजे गणपतीला वाहायच्या दूर्वांचेच गवत. दंडगोल यंत्राची पाती घरी काढायची नसतात. त्याला धार लावायला खरखरीत लेप लावून दंडगोल उलटा फिरवतात आणि स्थिर पट्टीशी त्याचे अंतर कागदाच्या जाडीइतके जुळवतात. ते वेगळे, जास्त नाजूक काम आहे.

रोटरीच्या पात्याला धार साधारण 20 ते 25 तासांच्या कापणीनंतर लावावी लागते, दगडाळ किंवा रेताड जमिनीत त्याहून लवकर. दगडाला धडक बसली तर तास न मोजता यंत्र बंद करून पाते पाहावे. एक पाते यंत्रावर आणि दुसरे धार लावून भिंतीवर अशी जोडी ठेवली तर मे महिन्याच्या घाईत कापणी अडत नाही. बाद केलेले पाते मात्र गॅरेजमध्ये त्या जोडीशेजारी ठेवू नये. धारेभोवती जाड पुठ्ठा गुंडाळून, चिकटपट्टी लावून, ते त्याच दिवशी भंगारात द्यावे, म्हणजे घाईत कुणी ते उचलून परत यंत्राला लावणार नाही.